रोजा आणि इन्सुलिन : रजबचा चांद दिसला की तयारीला लागा

“दिवसभर काही खायचंच नाही, तर सुई कशाला टोचायची?” आणि “डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ सांगितलंय, मग रमजानातही तसंच घेणार.” नाशिकच्या चौक मंडईपासून वडाळा गावापर्यंत, इन्सुलिनवर असलेल्या रोजेदारांकडून दर वर्षी ही दोन वाक्यं ऐकू येतात. पहिल्या वाक्यामुळे साखर तीनशे-चारशेच्या घरात जाते. दुसऱ्यामुळे ती दुपारी चारच्या सुमारास पन्नासवर उतरते आणि माणूस घामाने निथळून बसल्या जागी कलंडतो. दोघांनाही रोजा मनापासून ठेवायचा असतो. पण विचारायला ते त्रास झाल्यावर येतात, किंवा डॉक्टर ‘नको’ म्हणतील या भीतीने येतच नाहीत.

हा धोका किती मोठा आहे? २००१ मध्ये तेरा देशांतल्या बारा हजारांहून अधिक मधुमेही मुस्लिमांची पाहणी झाली. ‘एपिडायर’ या नावाने ती ओळखली जाते. दवाखान्यात भरती करावं लागेल इतकी साखर उतरण्याचं प्रमाण रमजानात टाइप १ च्या रुग्णांत एरवीच्या ४.७ पट आणि टाइप २ च्या रुग्णांत ७.५ पट आढळलं. तरीही टाइप २ च्या बहुतेकांनी निम्म्याहून जास्त रोजे ठेवले होते. ‘ठेवू नका’ एवढं सांगून लोक थांबत नाहीत, हे यातून दिसतं. म्हणून ठेवायचा तर कसा, आणि ठेवायचा नाही हे कधी ठरवायचं, ते नीट बघू.

एक फरक आधी लक्षात घ्या. एकादशीच्या उपवासाला साबुदाणा, दाणे, चहा, पाणी चालतं. तिथे साखर उतरण्यापेक्षा चढण्याचीच भीती जास्त. रोज्यात पाण्याचा थेंबही नाही. त्यामुळे शेजारच्या काकूंनी त्यांच्या उपवासाला इन्सुलिन कसं घेतलं, हा हिशेब तुमच्या कामाचा नाही.

तयारी कधीपासून?

डॉक्टरांची भेट रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी व्हायला हवी. चांद्र महिन्यांच्या भाषेत सांगायचं तर रजबचा चांद दिसला की नंबर लावा. शब-ए-मेराजपर्यंत थांबलात तर महिनाच उरतो, शब-ए-बरातपर्यंत थांबलात तर जेमतेम पंधरा दिवस. तेवढ्यात तपासण्या, मात्रेतला बदल आणि त्या बदलाची परीक्षा हे सगळं बसत नाही.

शाबानमध्ये अनेकजण नफिल रोजे ठेवतात. इन्सुलिनवर असलेल्यांसाठी ही रंगीत तालीमच आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याने दोन-तीन रोजे ठेवून बघा, दिवसभर साखर मोजा, आकडे वहीत लिहा. ती वही पाहून डॉक्टर जे सांगतील, त्याला नुसत्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त किंमत आहे.

रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. २०२५ मध्ये आपल्याकडे पहिला रोजा २ मार्चला होता; २०३० मध्ये एक रमजान जानेवारीत आणि दुसरा डिसेंबरच्या अखेरीस सुरू होईल. नाशिकमध्ये फेब्रुवारी-मार्चचा रोजा साधारण तेरा तासांचा होतो, ऐन हिवाळ्यात तो आणखी आखूड. ज्यांचे काही रोजे सुटतात, त्यांना ‘कजा’साठी, म्हणजे ते रोजे नंतर भरून काढायला, डिसेंबर-जानेवारीचे दिवस सोयीचे पडतात.

रोजा ठेवता येईल का?

याचं उत्तर तुमच्या तब्येतीकडे बघून डॉक्टर देतील. पण खालीलपैकी एकही गोष्ट तुम्हाला लागू असेल, तर रोजा धोक्याचा आहे असं धरून चला आणि डॉक्टरांशी बोलल्याशिवाय सहेरीला बसू नका :

- टाइप १ मधुमेह, म्हणजे बहुतेक वेळा लहानपणी किंवा तरुणपणी सुरू झालेला आणि पहिल्यापासून इन्सुलिनवरच असलेला
- गेल्या तीन महिन्यांत साखर इतकी उतरली की दुसऱ्याला मदत करावी लागली
- साखर उतरली तरी घाम, थरथर असं काही जाणवतच नाही
- गेल्या तीन महिन्यांत साखर खूप वाढून, रक्तात आम्ल साचून भरती व्हावं लागलं
- गर्भवती आहात आणि इन्सुलिन चालू आहे
- मूत्रपिंडाचा मोठा विकार, डायलिसिस, अलीकडचा हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात
- तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी ९ च्या वर
- वय झालेलं, तब्येत नाजूक आणि घरात एकटं राहणं

हमाली, बांधकाम, भर उन्हातली शेतमजुरी अशी कामं करणाऱ्यांनी आपलं काम डॉक्टरांना आवर्जून सांगावं. मालेगावात यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्याचा दिवसच उलटा असतो : तो सहेरी करून झोपतो आणि दुपारी उठतो. कागदावरच्या ‘सकाळ-दुपार-संध्याकाळ’चा त्याला काही उपयोग नाही. झोपता कधी, जेवता कधी, अंगमेहनत कधी, हे घड्याळातल्या वेळांसह सांगा.

‘सगळे तीस किंवा एकही नाही’ असा हट्टही नको. काहींना मोजके रोजे झेपतात. पहिल्या आठवड्याचे आकडे चांगले नसतील तर तिथे थांबणं हाही वैद्यकीय निर्णयच आहे.

मुफ्तीसाहेबांना काय विचारायचं

रुग्ण डॉक्टरांकडे गेला की डॉक्टर म्हणतात, “धर्माचं तुम्ही बघा.” मुफ्तींकडे गेला की ते म्हणतात, “डॉक्टर काय म्हणतात?” या दोघांच्या मध्ये माणूस लोंबकळत राहतो आणि शेवटी स्वतःच्या मनाने ठरवतो. यावर सोपा उपाय आहे. डॉक्टरांकडून दोन ओळींची चिठ्ठी घ्या : रोजा चालेल, अमुक अटींवर चालेल, की जिवाला धोका आहे. ती चिठ्ठी घेऊन तुमच्या मशिदीच्या इमामांकडे किंवा मुफ्तींकडे जा. नेमका प्रश्न घेऊन गेलं की उत्तरही नेमकं मिळतं.

त्या भेटीआधी एवढं माहीत असू द्या. आजारी माणसाला रोजा पुढे ढकलण्याची मुभा खुद्द कुराणातल्या सुरह बकरामध्ये आहे. इन्सुलिनच्या सुईने रोजा तुटत नाही, रक्त तपासल्यानेही तुटत नाही. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने १९९७ मध्ये जेद्दाच्या अधिवेशनात तसा ठराव केला आहे. पोषण देणारं सलाइन मात्र यात येत नाही. याच अकादमीने २००९ मध्ये मधुमेहींचे धोक्यानुसार गट पाडले आणि ज्यांना धोका मोठा आहे त्यांनी रोजा ठेवू नये असं सांगितलं.

एक भीती फार खोल रुजलेली दिसते. रोजा मध्येच तोडला तर कफ्फारा म्हणून सलग साठ रोजे ठेवावे लागतील, असं वाटून साखर उतरत असतानाही लोक मगरिबपर्यंत दम धरतात. कफ्फारा असतो तो काही कारण नसताना जाणूनबुजून तोडलेल्या रोज्याला. आजारामुळे, जिवावर बेतलं म्हणून तोडलेल्या रोज्याची फक्त कजा करायची. ज्यांना पुढेही कधी रोजा झेपणार नाही, त्यांच्यासाठी फिदया आहे : एका रोज्यामागे एका गरजूचं दोन वेळचं जेवण, किंवा फित्र्याइतकी रक्कम. तुमच्या जमातीत ती किती धरतात, हे इमामसाहेब सांगतील. रमजान सुरू होण्यापूर्वीच हे विचारून ठेवलंत, तर ऐन वेळी घालमेल होत नाही.

सुई कशी फिरवतात

इन्सुलिनचे दोन स्वभाव आहेत. एक ताटाचं इन्सुलिन : जेवणापुरतं, लवकर चढणारं, काही तासांत उतरणारं. दुसरं चोवीस तासांचं इन्सुलिन : जेवा अथवा न जेवा, शरीराला सतत थोडं लागतंच, ते पुरवणारं. ‘खाणं नाही तर सुई नाही’ हा विचार पहिल्याबाबत ठीक आहे, दुसऱ्याबाबत घातक. टाइप १ च्या रुग्णाने तर हे चोवीस तासांचं इन्सुलिन एक दिवसही बंद करायचं नसतं, मग रोजा असो वा नसो. नाशिकमध्ये अनेकांना मिळतं ते तिसरं, दोन्हींचं मिश्रण. बाटलीवर ३०/७० किंवा २५/७५ असं लिहिलेलं असतं. तुमचं कोणतं आहे हे माहीत नसेल, तर आधी बाटली किंवा पेन घेऊन डॉक्टरांकडे जा.

रमजानात मोठं जेवण संध्याकाळी येतं, म्हणून बहुतेकांची मोठी मात्राही संध्याकाळी जाते आणि सहेरीची कमी होते. डॉक्टर साधारणपणे ज्या मापांपासून सुरुवात करतात ती खाली दिली आहेत. ती वाचून स्वतः बदल करायचा नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं नीट समजावं आणि शंका विचारता यावी, एवढ्यासाठीच ती आहेत.

- मिश्र इन्सुलिन, दिवसातून दोनदा : नेहमीची सकाळची मात्रा इफ्तारला. नेहमीची रात्रीची मात्रा पाव ते अर्ध्याने कमी करून सहेरीला. एरवी सकाळी ३० आणि रात्री २० युनिट घेत असाल, तर इफ्तारला ३० आणि सहेरीला १० ते १५.
- चोवीस तासांचं इन्सुलिन, दिवसातून एकदा : इफ्तारच्या वेळी, १५ ते ३० टक्के कमी करून. एरवी २० युनिट असेल तर १४ ते १७.
- हेच दिवसातून दोनदा : सकाळची मात्रा इफ्तारला, रात्रीची निम्मी करून सहेरीला.
- ताटाचं इन्सुलिन, तीन जेवणांआधी : इफ्तारला नेहमीचं, दुपारचं बंद, सहेरीचं पाव ते अर्ध्याने कमी. तिन्ही वेळा ८ युनिट घेणाऱ्याला इफ्तारला ८ आणि सहेरीला ४ ते ६.

पहिल्या दिवसाची मात्रा महिनाभर तशीच राहत नाही. दर तीन दिवसांनी आकडे बघून डॉक्टर ती दोन-चार युनिटांनी वरखाली करतात. दुपारची आणि इफ्तारआधीची साखर सहेरीची सुई कशी बसली ते सांगते. इफ्तारनंतर दोन तासांची साखर इफ्तारच्या सुईबद्दल सांगते. एवढं कळलं तरी फोनवर डॉक्टरांशी अर्ध्या मिनिटात बोलणं होतं.

एका गोष्टीबद्दल सहसा कोणी बोलत नाही. पाळीच्या दिवसांत बायका रोजा ठेवत नाहीत, प्रवासात किंवा तापात रोजा सुटतो. त्या दिवशी नेहमीसारखं खाणं-पिणं असेल, तर मात्राही नेहमीचीच हवी. म्हणून डॉक्टरांकडून दोन कागद मागून घ्या : ‘रोज्याचा दिवस’ आणि ‘रोजा नसलेला दिवस’. एकातून दुसऱ्यात जाताना आदल्या रात्रीची मात्रा कोणती, हेही त्यावर लिहून घ्या. दोन्ही कागद फ्रिजच्या दारावर चिकटवा. सहेरीला पेंगुळलेल्या डोळ्यांनी आठवायला लागू नये.

इफ्तार : सुई, खजूर, नमाज, जेवण

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो.

साधं मानवी इन्सुलिन आणि त्याचं ३०/७० मिश्रण जेवणाच्या वीस-तीस मिनिटं आधी घ्यायचं असतं. नव्या प्रकारची पेनमधली जलद इन्सुलिन्स अगदी जेवायला बसताना. तुमचं पहिल्या प्रकारातलं असेल तर अजानच्या आधी सुई घेता येते, कारण तिने रोजा तुटत नाही. पण त्या क्षणी साखर मोजलेलीच हवी. साखर आधीच खाली असताना अजानपूर्वी सुई घेणं म्हणजे संकटाला बोलावणं. अनेकांना हा क्रम सोयीचा पडतो : अजान झाली की खजूर आणि पाण्याने रोजा सोडायचा, सुई घ्यायची, मगरिबची नमाज पढायची आणि लगेच जेवायला बसायचं. कोणता क्रम तुमच्या इन्सुलिनला जमेल, ते डॉक्टरांना विचारून एकदाच ठरवा आणि महिनाभर तोच पाळा.

खरी अडचण पुढे आहे. बऱ्याच घरांत इफ्तारला फक्त खजूर, फळं, भजी, सरबत होतं आणि खरं जेवण तरावीहनंतर, रात्री दहाला. पूर्ण मात्रा इफ्तारला घेतली आणि पोटात चार भजी गेली, तर ऐन तरावीहमध्ये साखर उतरते. वीस रकअत म्हणजे चांगलाच व्यायाम आहे, हेही हिशेबात धरा. म्हणून तुमचं मोठं ताट नेमकं किती वाजता असतं ते डॉक्टरांना खरं-खरं सांगा. ते मात्रा दोन भागांत विभागून देतील किंवा जेवण आधी घ्यायला सांगतील. माझं मत विचाराल तर इन्सुलिनवर असलेल्यांनी मगरिबनंतर लगेच जेवून घ्यावं, रात्री हलकं काही खावं. तरावीहला जाताना खिशात साखरेच्या पुड्या आणि सोबत पाण्याची बाटली असू द्या.

ताटात काय असावं, यावर थोडक्यात. लहान खजूर एक किंवा दोन पुरे. मोठ्या जातीच्या एकाच खजुरात जवळपास एका पोळीइतकं कर्बोदक असतं. गुलाबी सरबताऐवजी पाणी, ताक, लिंबूपाणी. दूधबाजारातून येताना हातात मालपुवा असणारच, तर तो घरच्या चौघांत वाटा. भजी-समोसे रोज नकोत. चणे, कबाब, अंडी, डाळ, सॅलड असू द्या. इफ्तारपासून सहेरीपर्यंत थोडं-थोडं पाणी पीत राहा. सगळं पाणी सहेरीला एकदम प्यायलं तर ते तासाभरात निघून जातं.

सहेरी टाळायची नाही

रात्री बाराला जेवून झोपायचं आणि सहेरीला उठायचंच नाही, असं तरुण मुलं हमखास करतात. इन्सुलिन घेणाऱ्याला हे चालत नाही. सहेरी जितकी उशिरा, वेळ संपायच्या जवळ, तितकी चांगली. बाजरी-ज्वारीची भाकरी, डाळ, अंडी, दही, भाजी असं सावकाश पचणारं खा. नुसता चहा-पाव किंवा फेणी-दूध दुपारपर्यंत टिकत नाही. झोप लागून सहेरी चुकलीच, तर त्या दिवशी रोजा धरू नका. आणि सुई घेऊन ‘जरा पाठ टेकतो’ म्हणत न जेवता झोपू नका.

बोट टोचा, आकडा बघा

आदर्श वेळा सात आहेत : सहेरीआधी, सकाळी, दुपारी बाराला, चारच्या सुमारास, इफ्तारआधी, इफ्तारनंतर दोन तासांनी, आणि अस्वस्थ वाटलं की लगेच. महिनाभर रोज सात म्हणजे दोनशेच्या वर पट्ट्या, आणि त्या स्वस्त नसतात याची मला पूर्ण जाणीव आहे. खर्च झेपत नसेल तर पहिले चार दिवस आणि मात्रा बदलल्यानंतरचे दोन दिवस सगळ्या वेळा मोजा. बाकीच्या दिवशी दुपारी बारा, दुपारी चार आणि इफ्तारनंतर दोन तास या तीन वेळा, आणि अजानआधी सुई घेत असाल तर इफ्तारआधीचीही, मात्र चुकवू नका. चारच्या वेळी काटकसर करू नका. रोज्याच्या शेवटच्या तासांत साखर सर्वांत खाली असते आणि याच वेळी घराघरांत, दुकानांत, रिक्षाच्या हँडलवर माणसं कामात बुडालेली असतात.

रोजा इथे तोडायचा

- साखर ७० च्या खाली : लगेच तोडा. इफ्तारला दहा मिनिटं उरली असली तरी थांबू नका.
- साखर ७० ते ९० : रोजा चालू ठेवला तर तासाभराच्या आत पुन्हा मोजा. अंगमेहनत थांबवा, गाडी चालवू नका.
- साखर ३०० च्या वर : तोडा, पाणी प्या, डॉक्टरांना फोन करा. पोटात दुखणं, उलट्या, जोरजोरात श्वास, तोंडाला फळांसारखा वास यातलं काही असेल तर सरळ रुग्णालय गाठा.
- आकडा काहीही असो, दरदरून घाम, थरथर, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, जीभ जड होणं, विनाकारण चिडचिड, किंवा उलट्या-जुलाब, ताप, चक्कर.

साखर उतरली तर तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात विरघळवून प्या. पंधरा मिनिटांनी मोजा. अजून ७० खाली असेल तर पुन्हा तेवढीच. वर आली की काहीतरी खा, कारण साखरेचं पाणी फार वेळ टिकत नाही. मिठाई किंवा चॉकलेट यावेळी कामाचं नाही. त्यातल्या तुपा-चरबीमुळे साखर रक्तात उशिरा पोचते.

माणूस बेशुद्ध असेल, गिळता येत नसेल, तर तोंडात काहीही घालू नका, पाणीही नाही. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. मधुमेह आहे आणि इन्सुलिन घेतलं आहे, हे फोनवरच सांगा.

घरातल्या बाईकडे लक्ष द्या

हा भाग घरातल्या इतरांनी वाचावा. सहेरीला सगळ्यांत आधी तीच उठते, सगळ्यांत शेवटी खाते, आणि कधी वेळ संपली म्हणून दोन घासांवर थांबते. दुपारी तीनपासून ती चुलीपाशी उभी असते, नेमकी साखर सर्वांत खाली असते त्या वेळी. अम्मी गप्प बसल्या, उत्तर तुटक द्यायला लागल्या, हातातून भांडं पडलं, तर ‘रोज्याने थकल्या’ म्हणून सोडू नका. बोट टोचून आकडा बघा. इन्सुलिन घेणारी खाला किंवा आपा सासरी सांगायला संकोचते, सुई लपवून घेते, अशीही घरं आहेत. तिच्या ताटात सहेरीचं पुरेसं अन्न वेळेत पडेल, ही जबाबदारी घरातल्या कर्त्यांनी घ्यावी. दुपारी चारला तिला ग्लुकोमीटर नेऊन देणं मुलांनाही जमतं.

बाटली आणि सिरिंजची जोडी

आपल्या देशात इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदींच्या मिळतात : एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट आणि १०० युनिट. पेनची काडतुसं बहुधा १०० ची असतात. ४० च्या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज, १०० च्या बाटलीला नारिंगी टोपणाची. ही जोडी चुकली तर घोटाळा मोठा होतो : १०० चं इन्सुलिन लाल सिरिंजमध्ये ओढलं तर शरीरात अडीचपट मात्रा जाते, उलट केलं तर निम्म्याहूनही कमी. रमजानात इफ्तारच्या घाईत घरातलं कुणीतरी मेडिकलमधून सिरिंज आणतं आणि रंग बघत नाही. तुम्ही बघा. पेनच्या काडतुसातून सिरिंजने इन्सुलिन कधीही ओढू नका.

न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत, बर्फाच्या कप्प्यात नव्हे. एकदा गोठलेलं इन्सुलिन वापरायचं नाही. चालू बाटली थंड, सावलीच्या जागी साधारण चार आठवडे चालते. मार्चमध्ये मालेगावात दुपारचा पारा पस्तिशीच्या पुढे जातो, वीज जाते, पत्र्याचं छप्पर तापतं. फ्रिज नसेल तर पाण्याच्या माठाशेजारी, किंवा ओल्या मातीच्या मडक्यात छोटं कोरडं भांडं ठेवून त्यात बाटली ठेवा. दुचाकीच्या डिकीत किंवा रिक्षाच्या डॅशबोर्डवर इन्सुलिन राहू देऊ नका.

सोबत गोळ्याही असतील तर

ग्लिमेपिराइडसारख्या साखर उतरवणाऱ्या गोळीची वेळ आणि ताकद बदलावी लागते. ग्लिबेनक्लामाइड चालू असेल तर रमजानआधीच पर्याय मागा. ज्यांचं नाव ‘ग्लिफ्लोझिन’ने संपतं, त्या गोळ्या लघवीवाटे साखर आणि पाणी बाहेर टाकतात, त्या इफ्तारला घेतात, आणि रमजानच्या तोंडावर नव्याने सुरू करत नाहीत. रक्तदाबाची लघवी वाढवणारी गोळी असेल तर तीही दाखवा.

उपचार कुठे आणि तुमचे हक्क काय

जुन्या नाशकातून जवळ कथड्याचं महापालिकेचं डॉ. झाकीर हुसेन रुग्णालय आहे, त्र्यंबक रोडला जिल्हा रुग्णालय, नाशिकरोडला महापालिकेचं बिटको रुग्णालय, मालेगावात सामान्य रुग्णालय. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. जिल्हा रुग्णालयात ‘असंसर्गजन्य रोग’ विभाग कुठे आहे, ते खिडकीवर विचारा; मधुमेहाचे रुग्ण तिथेच पाहतात. महात्मा फुले जनआरोग्य योजना भरती होऊन घ्यायच्या ठरावीक उपचारांसाठी आहे, रोजच्या इन्सुलिनसाठी नाही. त्या कार्डावर विसंबून चालू बाटली संपू देऊ नका.

औषध विकत घ्यायचं असेल तर जनऔषधि केंद्रात विचारा. मानवी इन्सुलिन आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे, २०२२ मध्ये ग्लार्जिनही त्यात आलं, आणि यादीतल्या औषधांच्या किमतींवर सरकारी कमाल मर्यादा असते. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेली रुग्णहक्कांची सनद केंद्राने २०१९ मध्ये राज्यांकडे पाठवली. तिच्यानुसार तुम्ही हे मागू शकता :

- आजार, उपचार आणि धोके तुम्हाला समजेल अशा भाषेत सांगणं. ‘रोजा ठेवायचा आहे’ असं म्हटल्यावर नुसतं ‘नको’ ऐकून उठू नका. का नको, ते विचारा.
- औषध आणि तपासणी कुठून घ्यायची हे ठरवण्याचं स्वातंत्र्य. दवाखान्याच्याच मेडिकलमधून घ्यायची सक्ती नाही.
- दुसऱ्या डॉक्टरांचं मत, आणि भरती असाल तर आपले कागद.

चिठ्ठीवर युनिटांचा आकडा स्पष्ट हवा आणि त्यापुढे ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहिलेला हवा. त्याचं आखूड इंग्रजी अक्षर घाईत शून्यासारखं वाचलं जातं आणि ४ चे ४० होतात. अक्षर लागत नसेल तर डॉक्टरांसमोरच मोठ्याने वाचून दाखवा.

ईदच्या सकाळी

चांदरात झाली की ‘रोजा नसलेला दिवस’ हा कागद पुन्हा कामाला येतो. शेवटच्या इफ्तारला रमजानची मोठी मात्रा घेतली असेल, तर ईदच्या सकाळी नेहमीची सकाळची मात्रा पूर्ण घ्यायची का, हे आधीच विचारून ठेवा. दोन मोठ्या मात्रा बारा तासांत एकावर एक येऊ शकतात. ईदगाहला निघण्यापूर्वी साखर मोजा आणि काही खाऊन निघा. शीरखुर्मा अर्धी वाटी, एकाच घरी. बाकीच्या घरी सुकामेवा किंवा नुसता सलाम. शव्वालचे सहा रोजे ठेवायचा विचार असेल तर रमजानच्या आकड्यांची वही घेऊन त्याआधी एकदा डॉक्टरांना भेटा. वहीच्या पहिल्या पानावर पुढच्या रजबची अंदाजे तारीखही लिहून टाका.